क्लाउड क्रेडिटचा अर्ज अडतो कुठे?

अर्ज भरला, दोन आठवडे वाट पाहिली आणि ‘आपण पात्र नाही’ एवढाच ईमेल आला. कारण दिलेलं नाही. मग तरुण संस्थापकांना वाटतं, आपली कल्पनाच क्लाउड कंपनीला पटली नाही. बहुतेक वेळा तसं नसतं. अर्जात, वेबसाइटवर आणि खात्यात कंपनीची ओळख तीन तऱ्हांनी लिहिलेली असते, तिथे गाडी अडते.

‘अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस’ची ‘अ‍ॅक्टिव्हेट’ योजना घ्या. स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या स्टार्टअपला १,००० डॉलरचं क्रेडिट, म्हणजे क्लाउड सेवांच्या बिलातून वजा होणारी रक्कम, मिळू शकतं. योजनेशी जोडलेला इन्क्युबेटर किंवा गुंतवणूकदार पाठीशी असेल तर त्याहून बरंच जास्त. कंपनी १० वर्षांच्या आतली हवी, गुंतवणुकीच्या सिरीज बी फेरीपर्यंत पोहोचलेली नको. तेवढंच किंवा त्याहून जास्त क्रेडिट आधी घेतलेलं असेल, तर पुन्हा मिळत नाही. मात्र १,००० घेतले म्हणून मोठ्या रकमेचं दार बंद होत नाही. इन्क्युबेटरकडून मिळणारा संस्था-क्रमांक अर्जात अचूक भरायचा. तो चुकला, तर पाठबळ असूनही कामाचं नाही.

आपल्याकडचा खरा घोळ वेगळाच असतो. नोंदणी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ नावानं, वेबसाइटवर फक्त उत्पादनाचं नाव, आणि अर्ज जीमेलवरून. तपासणाऱ्यानं ही एकच कंपनी आहे हे ओळखायचं कसं? वेबसाइटच्या तळाशी नोंदणीचं पूर्ण नाव लिहा, त्याच डोमेनचा ईमेल वापरा. ‘लवकरच येत आहोत’ एवढीच पाटी असलेल्या वेबसाइटच्या भरवशावर अर्ज करू नका.

त्याहून वाईट म्हणजे खातंच दुसऱ्याचं असणं. पहिलं ॲप ज्या फ्रीलान्सरनं बांधलं, त्यानं ते स्वतःच्या खात्यावर चढवलेलं असतं. क्रेडिट जमा होतं ते अर्जात दिलेल्या १२ आकडी खाते-क्रमांकावर. तो क्रमांक त्याचा असेल, तर तुमच्या वाट्याला काय येणार? खातं संस्थापकाच्याच जीमेलवर असेल, तर नवं उघडायची गरज नाही. मूळ ईमेल बदलता येतो.

स्टार्टअप इंडियाचं प्रमाणपत्र हाती असलं की क्रेडिट मिळणारच, असंही धरू नका. ती सरकारी मान्यता आहे. क्लाउड कंपनी आपल्या अटी स्वतंत्रपणे तपासते.

नकार आला म्हणजे सगळं संपलं नाही. चूक दुरुस्त करा, मग पुन्हा अर्ज करा. मंजुरी मिळाली की अंतिम तारीख मात्र त्याच दिवशी लिहून ठेवा. मुदतीत न वापरलेलं क्रेडिट बाद होतं, आणि पुढचं बिल थेट कार्डावर येतं. म्हणून खर्चाची मर्यादा ओलांडली की सूचना देणारा बजेट अलर्ट आधीच लावा. आणि अर्जाला हात घालण्यापूर्वी, आजच, खात्याच्या मालकाच्या जागी कुणाचा ईमेल आहे तेवढं बघून घ्या.