शेजाऱ्यांची झुंज आणि शेजारधर्म

एडन हे नाव पुण्यातील सुशिक्षित कुटुंबांस परके नाही. वासुदेव बळवंत फडके यांच्यावर १८७९ साली पुण्यात खटला चालला, त्यांची रवानगी एडनच्या तुरुंगात झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा देहान्त झाला. ही हकीकत घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी मुलांस सांगितलेली आहे. एडन त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे आणि १९३२ सालापर्यंत तेथील कारभार मुंबईहूनच चाले, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या स्मरणात नसते.

त्या एडनचा आणि पुण्याचा एक निराळाच संबंध १३ ऑक्टोबर २०१० रोजी जुळून आला. त्या दिवशी बालेवाडीच्या क्रीडांगणावर भारताचा आणि येमेनचा फुटबॉलचा सामना झाला. एडन हे आता येमेन देशातील शहर होय. पाचच दिवसांपूर्वी याच मैदानावर भारताने व्हिएतनामचा ३-१ असा पराभव केला होता आणि तिन्ही गोल एकट्या सुनील छेत्रीने केले होते. त्यामुळे पुणेकरांच्या आशा उंचावल्या असल्यास नवल नाही. परंतु येमेनने आपल्या संघावर सहा गोल चढविले. आपणांस तीनच करता आले. पाहुणे जिंकून गेले. पुढच्याच महिन्यात त्यांस आपल्या घरी, एडन येथे, शेजारी देशांच्या मोठ्या स्पर्धेचे यजमानपद सांभाळावयाचे होते. तेथे या विजयी वीरांचे काय झाले, हे सांगण्यापूर्वी त्या स्पर्धेची थोडी ओळख वाचकांस करून देणे इष्ट होईल.

इराणच्या आखाताकाठच्या अरब देशांची ही स्पर्धा 'आखाती चषक' या नावाने ओळखली जाते. १९७० साली बहरीन येथे ती प्रथम भरली, तेव्हा बहरीन, कुवेत, कतार आणि सौदी अरेबिया असे चारच संघ होते. पुढे संयुक्त अरब अमिराती, ओमान आणि इराक हे त्यांस येऊन मिळाले. येमेनला मात्र या पंगतीत पाट मिळण्यास २००३ साल उजाडावे लागले. आता आठ संघांचे दोन गट पाडतात. प्रत्येक गटातील पहिले दोन उपान्त्य फेरीत जातात. कुवेतने हा चषक दहा वेळा जिंकला आहे. ज्या बहरीनने पहिली स्पर्धा भरविली, त्यास स्वतःचा पहिला विजय पाहावयास २०१९ सालापर्यंत, म्हणजे एकोणपन्नास वर्षे, थांबावे लागले.

या देशांची भाषा एक, धर्म एक, पेहराव आणि खाणेपिणेही बव्हंशी एकच. असे असता त्यांच्यात भांडणे तरी कशाची, असा प्रश्न एखादा वाचक करील. वाड्यात बालपण गेलेल्यांस त्याचे उत्तर सांगावयास नको. भांडण होते ते जवळच्याशीच. सीमेवरून, तेलावरून, मोठेपणावरून या शेजाऱ्यांत कुरबुरी चालूच असतात आणि त्या मैदानावरही उतरतात. १९९० साली कुवेतमध्ये स्पर्धा भरली, तेव्हा स्पर्धेच्या बोधचिन्हात एका जुन्या लढाईची आठवण आहे, या कारणास्तव सौदी अरेबिया आलाच नाही. आणि इराक पंचांवर रुष्ट होऊन अर्ध्यातून उठून गेला. पाचच महिन्यांनी, २ ऑगस्ट रोजी, इराकच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या. खेळाने राष्ट्राराष्ट्रांत बंधुभाव वाढतो असे जे सरसकट सांगण्यात येते, त्यावर याहून कठोर टीका कोणती असणार?

तथापि हकीकत येथे संपत नाही. त्यानंतर इराकला बाहेर ठेवण्यात आले आणि २००४ साली पुन्हा आत घेण्यात आले. जून २०१७ मध्ये सौदी अरेबिया, अमिराती आणि बहरीन यांनी कतारशी संबंध तोडले. जमिनीची, समुद्राची आणि आकाशाची वाटही बंद केली. कतारमध्ये ठरलेली त्या वर्षीची स्पर्धा कुवेतला हलवावी लागली. परंतु २०१९ च्या अखेरीस कतारच्या दोहा शहरी स्पर्धा भरली, तेव्हा हे तिन्ही संघ तेथे खेळावयास गेले. अंतिम सामन्यात बहरीनने सौदी अरेबियास १-० असे हरविले. राज्यकर्त्यांचा समेट व्हावयाचा होता. तो झाला जानेवारी २०२१ मध्ये. खेळाडू वर्षभर आधी जाऊन आले होते. २०२३ साली तर ही स्पर्धा इराकच्या बसरा शहरी झाली आणि कुवेतचा संघ सीमेपलीकडच्या त्या शेजाऱ्याच्या घरी खेळून आला.

आमच्या मते या स्पर्धेचे खरे महत्त्व येथेच आहे. तिने भांडण मिटत नाही. परंतु भांडण मिटविण्याची इच्छा उपजेल तेव्हा एकमेकांच्या दारी जाण्यास एक निमित्त शिल्लक राहते. वाड्यात नळाच्या पाण्यावरून दोन बिऱ्हाडांचा अबोला महिनोन्‌महिने चाले. पण गणपतीत आरतीला दोन्ही घरची माणसे येत आणि आरतीचे तबक एका हातातून दुसऱ्या हातात द्यावेच लागे. तबक देताना कोणी हसत नसेल, पण तबक खाली कोणी ठेवीत नसे.

आता येमेनकडे वळू. नोव्हेंबर २०१० मध्ये एडन येथे, कडेकोट बंदोबस्तात, स्पर्धा सुरू झाली. पुण्यात सहा गोल करणारा हा संघ घरच्या प्रेक्षकांसमोर सौदी अरेबियाकडून ०-४, कतारकडून १-२ आणि कुवेतकडून ०-३ असा हरला. पुढल्याच वर्षी देशात उठाव झाला आणि मग यादवी पेटली. २०१५ च्या युद्धात एडनच्या त्या क्रीडांगणाचीही मोठी हानी झाली. तेव्हापासून येमेनचा संघ आपले सामने परमुलखात खेळत आला. तरीही आखाती चषकाची पंगत त्याने चुकविली नाही. प्रवेशानंतर तीसहून अधिक सामने झाले, पण विजय एकही नाही! अखेर डिसेंबर २०२४ मध्ये कुवेत येथे त्याने बहरीनला २-१ असे नमविले. हाच बहरीन पुढे त्या स्पर्धेचा विजेता ठरला. तीन कोटींहून अधिक वस्तीच्या, युद्धाने पोळलेल्या देशाला एकवीस वर्षांनी मिळालेला हा आनंद चषकाहून कमी होता असे कोण म्हणेल?

आपल्या शेजाराचीही अशीच एक स्पर्धा आहे. दक्षिण आशियातील देशांची ती फुटबॉल स्पर्धा १९९३ साली लाहोर येथे सुरू झाली आणि पहिल्या वर्षी तेथे भारतच जिंकला. २०२३ साली ती बंगळूर येथे झाली, तेव्हा पाकिस्तानचा संघ आला होता. भारताने त्यास ४-० असे हरविले. त्या वर्षी लेबनॉन आणि कुवेत हे पाहुणे म्हणून बोलावलेले होते. अंतिम सामना भारत आणि कुवेत यांच्यात १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टीच्या फटक्यांवर भारताने तो ५-४ असा जिंकला.

शेजाऱ्याशी केव्हा खेळावे आणि केव्हा खेळू नये, हा प्रश्न राज्यकर्त्यांचा आहे. रक्त सांडले असता तो सोपाही नसतो. परंतु घरातील प्रश्न आपला आहे. शेजारच्या संघाशी सामना असला की आपली मुले दूरध्वनीच्या वा दूरदर्शनच्या पडद्यासमोर काय बोलतात, हरल्यावर कोणते शब्द वापरतात, आणि आपण वडील माणसे त्या वेळी गप्प बसतो की त्यांत भर घालतो, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा. बालेवाडीस त्या दिवशी हरलो ते आपण. पाहुण्याचा खेळ सरस होता, हे मुलांदेखत मोकळेपणाने म्हणता आले, तर त्या पराभवातूनही घरात काही चांगले आले असे आम्ही समजू.