पीतपिंडाचा अंमल

पशुवैद्यक महाविद्यालयाच्या ऊतिशास्त्र विभागात कत्तलखान्यातून आणलेली उस्मानाबादी शेळ्यांची गर्भाशये १० टक्के फॉर्मॅलिनच्या बरण्यांत ठेवलेली असतात, आणि बरणीवरच्या चिठ्ठीत शेळीच्या वयाच्याही आधी तिच्या अंडाशयावर काय आढळले याची नोंद असते. कारण अंडाशय न पाहता गर्भाशयाची पाहणी करणे म्हणजे हुकूम कोणाचा हे न विचारता अंमलबजावणीची चौकशी आरंभण्यासारखे आहे.

गर्भाशयाचे शिंग उभे चिरून उलगडले की मध्यभागी खळगा असलेले वाटोळे उंचवटे ओळीने दिसतात. गर्भ राहिल्यास वार जखडते ती याच जागी; ग्रंथींची तोंडे मात्र उंचवट्यांच्या दरम्यान उघडतात. तिथला तुकडा चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलात निर्जल करून मेणात बसवितात, आणि मग मायक्रोटोमचे चाक फिरविणारा अनुभवी सहायक ५ मायक्रॉन जाडीची फीत काढू लागतो. त्या वेळी तो बोलत नाही, एवढेच नव्हे तर श्वासही बेताने सोडतो, कारण तेवढ्या वाऱ्यानेही फीत उडते. कोमट पाण्यावर तिच्या सुरकुत्या पसरल्या की काच खालून अलगद घालून ती उचलावयाची. रंजनानंतर केंद्रके निळसर जांभळी आणि पेशीद्रव गुलाबी दिसते.

माजावरच्या शेळीची काच ओळखण्यास फारसे कौशल्य लागत नाही. इस्ट्रोजेनच्या प्रभावाने अंतःस्तर पाण्याने फुगलेला, रक्तवाहिन्या भरलेल्या, ग्रंथी बहुधा सरळ. परंतु २१ दिवसांच्या ऋतुचक्राच्या मध्यावरची, अंडाशयावरचा प्रोजेस्टेरॉन स्रवणारा पीतपिंड भरात असतानाची काच पाहावी, तर त्याच ग्रंथी नागमोडी वळणे घेऊन स्रावाने भरलेल्या आढळतात. यात मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की प्रोजेस्टेरॉन ज्या ग्राहकांच्या द्वारा काम करते, त्यांची तजवीज इस्ट्रोजेनच आधी करून ठेवते. आणि अंमल हाती येताच प्रोजेस्टेरॉन इस्ट्रोजेनचे ग्राहक घटवू लागते. कृतघ्नता म्हणावी, तर गर्भाचा निभाव तिच्यावरच अवलंबून आहे.

या व्यवस्थेत हात घालणारे द्रव्य म्हणजे मिफेप्रिस्टोन. फ्रान्सच्या रुसेल-उक्लाफ कंपनीच्या प्रयोगशाळेत ते १९८० मध्ये तयार झाले, आणि शोध वस्तुतः कॉर्टिसोल-रोधकाचा चालला होता. ते प्रोजेस्टेरॉनचा नाश करीत नाही. त्याच्या ग्राहकांवर स्वतः ठाण मांडते. परिणामी रक्तात प्रोजेस्टेरॉन असूनही गर्भाशयाचे स्नायू आकुंचनास प्रवृत्त होतात व गर्भाशयमुख मऊ पडू लागते. रक्तपरीक्षेच्या आकड्यावरच विसंबणाऱ्याची येथे सपशेल फसगत व्हावी.

शेळीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. मेंढीत सुमारे ५० दिवसांनंतर गर्भ टिकण्यापुरते प्रोजेस्टेरॉन वारच पुरवू लागते. शेळी मात्र सुमारे १५० दिवसांची गाभण मुदत पीतपिंडाच्याच भरवशावर काढते. त्यामुळे एकाच वाड्यात राहणाऱ्या या दोन जनावरांना प्रजननाच्या औषधांबाबत एकच मोजमाप लावून चालत नाही.

उलट, कधी गर्भ नसतानाही पीतपिंड ठरल्या वेळी विरत नाही. गर्भाशयात स्वच्छ द्रव साचत जातो, भिंत ताणून पातळ होते, शेळीचे पोट दिसू लागते आणि धनी करडांची वाट पाहतो. सोनोग्राफीत करडू नाही, निव्वळ पाणी दिसते. मग प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन देतात. पीतपिंड विरतो, पाणी वाहून जाते आणि शेळी बहुधा थोड्याच दिवसांत पुन्हा माजावर येते.