कासवाचा कायमचा पत्ता

जून संपत आला, शाळांना सुट्ट्या लागल्या, की अल बर्शातल्या इमारतींची पार्किंगं ओस पडू लागतात. कोणी पुण्याला, कोणी सांगलीला, कोणी थेट कोकणात. मागे उरतात ती रजा न मिळालेली मंडळी आणि घरोघरचे एसी. सप्टेंबर जवळ आला की सगळे पुन्हा हजर! ही चाल आपल्यासारख्या नोकरदारांनी पाडली असे कोणाला वाटत असेल, तर ते खरे नव्हे. आपल्या या आखातातली कासवे आपल्या कितीतरी आधीपासून जवळजवळ असेच करत आली आहेत, आणि तीही विमानाचे तिकीट न काढता.

ही नुसती गंमत नाही. २०१० ते २०१३ या काळात अमिरात, ओमान, कतार आणि इराणच्या किनाऱ्यांवर अंडी घालायला आलेल्या ९० हॉक्सबिल माद्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवण्यात आले. हॉक्सबिल म्हणजे ससाण्यासारखी चोच असलेले, प्रवाळात चरणारे कासव. आखात तसे उथळ, सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. त्यामुळे उन्हाळ्यात सगळे पाणी तापते. वरच्या थराचे तापमान ३३-३४ अंशांच्या पुढे गेले की या माद्या आपली चरण्याची जागा सोडून सरासरी ७० किलोमीटर ईशान्येला, जरा खोल आणि दोनेक अंशांनी थंड पाण्याकडे जातात. दोन-तीन महिने तिकडे काढून, पाणी निवल्यावर परत येतात. म्हणजे उन्हाळी सुट्टीच की हो!

आता प्रश्न असा, की पाण्याखालच्या प्राण्याचा ठावठिकाणा कळतो कसा? आम्हा इंजिनिअर मंडळींना यातली खरी गोडी इथेच वाटते. खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जाऊ शकत नाहीत. कासव बुडाले की संपर्क तुटला. पण कासवाला माशासारखे कल्ले नाहीत, श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. ट्रान्समीटरवर धातूची दोन टोके असतात. ती पाण्यात असली की खाऱ्या पाण्यातून त्यांच्यातले सर्किट पूर्ण होते आणि यंत्र गप्प राहते. पाठ पाण्याबाहेर आली की सर्किट तुटते आणि त्याच क्षणी यंत्र संदेश सोडते. बॅटरी वाचवायची ही युक्ती किती साधी आणि किती नामी!

तो संदेश ऐकतात साधारण ८५० किलोमीटर उंचीवरून, दोन्ही ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह. १९७८ पासून चालू असलेल्या या फ्रेंच-अमेरिकन व्यवस्थेचे नाव आर्गोस. फलाटावरून न थांबता जाणाऱ्या मेलची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते, हे आपण शाळेत डॉप्लरच्या नावाने शिकलो. इथे कासव शिट्टी वाजवते आणि उपग्रह गाडीसारखा पुढे निघून जातो, एवढाच फरक. चढउतार मोजून जागेचा हिशेब होतो. कधी काहीशे मीटरांची, कधी काही किलोमीटरांची चूक राहते, पण समुद्राच्या मानाने ती किरकोळच. एका संदेशात फार तर २५६ बिट माहिती मावते, म्हणून यंत्र आधीच सगळ्या बुड्यांची गोळाबेरीज करून ठेवते: किती बुड्या मारल्या, किती खोल, किती वेळ.

या विद्येचा पाया मात्र कासवांनी नव्हे, सील माशांनी घातला. ‘मासा’ आपला म्हणायचा, सील हा सस्तन प्राणी. १९६० च्या दशकात जेराल्ड कूयमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने अंटार्क्टिकात वेडेल सीलच्या अंगावर खोली मोजणारे एक उपकरण बांधले. त्यातले घड्याळ काय होते म्हणाल, तर स्वयंपाकघरातला टायमर! सील ६०० मीटरपर्यंत जातो हे त्यातून समजले. पुढे एलिफंट सीलने तर सगळ्यांवर ताण केली. दोन हजार मीटरच्याही खाली त्याच्या बुडीची नोंद आहे. वर्षातून दोनदा तो खाण्यासाठी हजारो किलोमीटर भटकून पुन्हा आपल्याच किनाऱ्यावर येतो. हल्ली त्याच्या डोक्यावरच्या यंत्रात पाण्याचे तापमान आणि खारटपणाही नोंदला जातो. जिथे जहाज जाऊ शकत नाही अशा बर्फाखालच्या समुद्राची खबर तो आणून देतो. तीच तंत्रे आज कासवांच्या पाठीवर आहेत.

आणि हे काम आपल्या शेजारी चालते, हे किती जणांना ठाऊक आहे? अल बर्शाहून गाडीने थोड्याच मिनिटांवर, बुर्ज अल अरबच्या बाजूला जुमेरा अल नसीमच्या आवारात, २००४ पासून चालू असलेल्या दुबईच्या कासव पुनर्वसन प्रकल्पाचा तलाव आहे. हिवाळ्यात पाणी गार पडले की लहान हॉक्सबिल गारठून जातात, अंगावर शंखशिंपल्यांचे थर चढतात आणि ती किनाऱ्याला लागतात. तिथे त्यांच्यावर उपचार होतात. आजवर दोन हजारांहून अधिक कासवे बरी होऊन समुद्रात गेली. त्यातले ‘दिब्बा’ नावाचे एक हिरवे कासव डोक्याला जबर मार लागून आले होते. बरे झाल्यावर ट्रान्समीटरसह सोडले, तर नऊ महिन्यांत आठ हजारांवर किलोमीटर कापून ते मालदीव, श्रीलंका मागे टाकत पार अंदमानकडे पोचले. मुलांना मॉलऐवजी एखाद्या शुक्रवारी हा तलाव जरूर दाखवावा.

आता जरा आपल्या कोकणात येऊ. मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणवीसांचे गाव म्हणून आपल्याला माहीत होते. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पूर्वी तीच अंडी उकरून नेली जात. आज पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक मुद्दाम वेळासला जातात, गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते. पण समुद्रात गेल्यावर या माद्या राहतात कुठे, हे गूढच होते. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थानाने पाच माद्यांना ट्रान्समीटर बसवले. वेळासची प्रथमा, आंजर्ल्याची सावनी, आणि गुहागरच्या रेवा, लक्ष्मी, वनश्री. नावे अगदी आपल्या घरातली! प्रथमा उत्तरेला गुजरातकडे फिरली, रेवा दक्षिणेला कर्नाटकाच्या बाजूला गेली. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. आणि २०२५ च्या जानेवारीत उलटाच चमत्कार झाला. २०२१ साली ओडिशात पंखाला क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. साडेतीन हजार किलोमीटरचे अंतर! पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगळी, या समजाला चांगलाच धक्का बसला.

मग कासवाचा कायमचा पत्ता कोणता लिहायचा? अंडी घालण्याचा किनारा, की चरण्याचे पाणी, की उन्हाळ्यातली थंड जागा? फॉर्म भरताना आपलाही हात याच रकान्यापाशी अडतो. पण कासवाच्या बाबतीत उत्तरावर त्याचा जीव अवलंबून आहे. हजारातले एखादेच पिल्लू मोठे होते असा अंदाज आहे, आणि मोठे व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणजे किनाऱ्यावर महिनोन् महिने जागून जे राखले, ते दूर कुठेतरी ट्रॉलरच्या जाळ्यात तासाभरात बुडून मरू शकते. श्वासाला वर येता आले नाही की कासवही बुडते. २०२२ च्या त्या पाचही ट्रान्समीटरचे संदेश अपेक्षेच्या आधीच थांबले. बॅटरी संपली, अँटेना मोडली, यंत्र सुटून पडले की कासवच गेले, हे पडद्यावरचा थांबलेला ठिपका सांगत नाही.

म्हणूनच किनाऱ्यावरच्या राखणदारांइतकाच होडीवरचा माणूस महत्त्वाचा. जाळ्यात सापडलेले कासव सोडायचे तर पुष्कळदा जाळे कापावे लागते, आणि जाळे म्हणजे त्याची पोटापाण्याची भांडवली वस्तू. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने अशा मच्छिमारांना २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली. आमच्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. उपग्रह कासव कुठे आहे ते सांगतो, वाचवू शकत नाही. ते काम शेवटी कोयती हातात घेतलेल्या कोळ्याचेच.

तेव्हा मंडळी, पुढच्या खेपेस फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान गावी जाणे झाले तर वाट वाकडी करून वेळास, आंजर्ले किंवा गुहागरला जरूर जा. पिल्लांचे फोटो काढालच. पण त्याबरोबर बंदरावर उतरून एखाद्या तांडेलालाही विचारा, की दादा, तुमच्या जाळ्यात कधी कासव आले होते का, आणि मग तुम्ही काय केलेत?