काचेच्या पेटीतलं बाळ आणि औषधाला न जुमानणारे जंतू

"शरीराला औषधाची सवय झाली, म्हणून गोळी लागू पडत नाही." हे वाक्य पालकसभेत ऐकू येतं, स्टाफरूममध्येही. ते चूक आहे. का, ते दोन दिवसांच्या बाळाकडे बघितलं की कळतं. त्याने जन्मात एकही गोळी घेतलेली नसते, मग त्याच्या शरीराला सवय कसली? तरीही त्याच्या रक्तात शिरलेल्या जंतूंवर कधी कधी नेहमीची अँटिबायोटिक्स चालत नाहीत. बदललेले असतात ते जंतू.

असं होतं कसं? जंतू झपाट्याने दुप्पट होतात. कोट्यवधींत एखादा असा निघतो की औषध त्याला मारू शकत नाही. औषधाने बाकीचे मरतात, तो उरतो आणि त्याचीच पिलावळ वाढते. शिवाय प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यातून तो ही युक्ती शेजारच्या जंतूलाही देतो. वर्गात मी याला "कॉपी पुरवणे" म्हणतो, मुलांना बरोब्बर समजतं!

दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात अतिदक्षता विभागातल्या १३,५३० बाळांचा अभ्यास झाला. २०१६ साली तो 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आला. रक्तात सर्वात जास्त सापडले ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय. ॲसिनेटोबॅक्टरच्या ८२ टक्के नमुन्यांवर अनेक गटांतली औषधं निकामी ठरली. क्लेबसिएलाच्या ५४ टक्के. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी जवळपास चौथा हिस्सा दगावला.

मला यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सुमारे दोन तृतीयांश संसर्ग जन्मानंतर ७२ तासांच्या आतच झाले होते. इतक्या लवकरचा संसर्ग आईकडून येतो, असं पुस्तकं सांगत आली. पण इथे लवकरचे आणि उशिराचे जंतू साधारण सारखेच निघाले. म्हणजे प्रसूतिकक्ष आणि अतिदक्षता विभाग यांच्याकडेच संशयाने बघावं लागतं. ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस तग धरतो. नळ, सिंक, नळ्या आणि मुख्य म्हणजे हात, हे त्याचे रस्ते.

डॉक्टरांची अडचणही समजून घ्यायला हवी. किलोभर वजनाच्या बाळात रक्त असतं जेमतेम ८०-९० मिली. त्यातलं एखादा मिली तपासणीला घ्यायचं आणि कल्चरच्या रिपोर्टसाठी दीड-दोन दिवस थांबायचं. तेवढा वेळ बाळाकडे नसतो, म्हणून अंदाजाने औषध सुरू करावं लागतं. अंदाज चुकला की आणखी जालीम औषध, आणि त्यालाही पुरून उरणारे जंतू. घरी आलेल्या बाळाच्या बाबतीतही लक्षात ठेवा, ताप येईलच असं नाही. दूध ओढत नाही, मलूल पडलंय, अंग गार लागतंय, श्वास जोरात चाललाय, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका, लगेच दवाखान्यात न्या. शिल्लक राहिलेलं अँटिबायोटिक तर मुळीच पाजू नका.

पेटीतल्या बाळाला हात लावायच्या आधी नर्सबाई हात धुवायला लावतात, तेव्हा आजी-आजोबांना राग येतो. येऊ दे. आईला मात्र लांब ठेवायचं कारण नाही. भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात, १ ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी ठेवलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. सेप्सिसचा संशय असलेली बाळंही कमी निघाली. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. आईची खाट तिथे थेट अतिदक्षता विभागातच टाकली होती.