गार सकाळ, फुलपाखरू आणि कॅमेरा

फुलपाखराचे छायाचित्र काढायचे तर त्याच्यामागे धावावे लागते, अशी पुष्कळांची समजूत असते. दुपारी ती बरीचशी खरीही ठरते. धावणारा दमतो आणि चित्रात नुसते फूल येते. परंतु माघ-फाल्गुनात, वसंताची चाहूल लागूनही सकाळचा गारवा सरलेला नसतो तेव्हा, हेच चपळ जीव हात-दोन हातांवर स्वस्थ बसलेले सापडतात. ते का बसतात हे समजले, की कॅमेऱ्याचे निम्मे काम समजले.

आपल्या शरीरात ऊब सतत तयार होत असते. फुलपाखराचे तसे नाही. हवा गार तर त्याचे अंगही गार. नीट उडण्यासाठी त्याच्या छातीतले स्नायू साधारण ३० अंश सेल्सियसपर्यंत तापावे लागतात, आणि फेब्रुवारीत पुण्याच्या आसपास पहाटे पारा पुष्कळदा १२-१३ अंशांवर असतो. कारखान्यातल्या माणसाला हे चटकन पटेल: बॉयलरमध्ये वाफ धरेपर्यंत यंत्र हलत नाही. फुलपाखरू ही ऊब उन्हाकडून घेते. कोणी पंख सपाट पसरून पाठ शेकते, तर कोणी पंख मिटून एका अंगावर ऊन घेते. काही मोठे चतुर मात्र बसल्या जागी पंख थरथरवून स्वतःच स्नायू तापवतात.

म्हणून सिंहगडाच्या पायथ्याशी किंवा खडकवासल्याच्या पाण्याकाठी आम्ही सूर्योदयानंतरचे दीड-दोन तास पकडतो, तेही रविवारी. (ही सुटी पंचांगातून आलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालविलेल्या चळवळीमुळे १८९० च्या जूनमध्ये ती गिरणी कामगारांच्या पदरात पडली.) जवळून घेतलेल्या चित्रात स्पष्ट दिसणारा पट्टा काही मिलिमीटरच खोल असतो. पसरलेल्या पंखांना कॅमेरा समांतर धरला, तरच या टोकापासून त्या टोकापर्यंत नक्षी स्पष्ट उमटते. छिद्र एफ ८ ते एफ ११ ठेवावे. त्याने प्रकाश कमी मिळतो खरा, पण जीव हलत नाही आणि वारा पडलेला असतो, तेव्हा तिकाटण्यावरून झडप सावकाश उघडली तरी चालते. दुपारी ही चैन नाही. मोबाईल असेल तर चित्र मोठे करून घेण्यापेक्षा आपणच दोन पावले पुढे सरकावे.

सरकायचे मात्र वाकून, हळू, आणि आपली सावली त्याच्यावर पडू न देता. सावली पडली की त्याची मिळत असलेली ऊब तुटते.

चतुर आणि टाचणी यांत नवखा माणूस घोटाळतो. बसल्यावर चतुराचे पंख आडवे पसरलेले असतात. टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. चतुराचे डोळे हजारो बारीक भिंगांचे असून त्याला जवळजवळ सर्व बाजूंची हालचाल दिसते. पण बरेच चतुर उडाले तरी त्याच काडीवर परततात, तिथेच थांबावे. टाचणी वेगळी आहे. आपण जवळ गेलो की ती काडीच्या पलीकडे सरकते, आणि दोन बाजूंनी दोन डोळे तेवढे दिसत राहतात. आम्हाला तरी हेच चित्र सर्वांत आवडते.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगतो. काही जण कीटक पकडून फ्रीजमध्ये ठेवतात आणि बधिर झाला की फुलावर मांडून त्याचे चित्र घेतात. आमच्या मते ही फसवणूक आहे, आणि निर्दयपणाही. पहाटे गारठलेल्या फुलपाखराला पक्ष्यापासून पळता येत नाही, मुंग्यांपासूनही नाही. फांदी हलवून त्याला खाली पाडले तर ऊन चढेपर्यंत ते जगेलच असे नाही. आपल्याला सोपे चित्र मिळते ते त्याच्या याच असहायतेमुळे. तेव्हा फांदी वाकवू नये, दव पुसू नये, पंखांना हात लावू नये. त्यांवरचे खवले गेले तर पुन्हा येत नाहीत.

ऊन चढले की सगळे पालटते. भर उन्हात काही चतुर शेपटी सूर्याकडे रोखून उभी धरतात, म्हणजे अंगावर ऊन कमी पडते. तोवर आमची मंडळी चहाच्या टपरीवर वह्या उघडून बसलेली असतात. वहीत तारीख, जागा, वेळ आणि झाड एवढे लिहावे; झाड विशेषतः. रुई असेल तर त्या पानांवर वाढणारे केशरी फुलपाखरू तिथे पुन्हा भेटेल. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताची अळी लिंबाच्या कुळातील झाडांची पाने खाते; ज्यांच्या परसात लिंबू आहे त्यांनी पहिली सकाळ तिथेच घालवायला हरकत नाही.