न दुखणारी गाठ

“दुखत नाही ना, मग राहू दे.” स्तनातल्या गाठीबद्दल घरोघरी मिळणारा हा सल्ला नेमका उलटा आहे. पाळीआधी दोन्ही स्तन जड होतात, ठणकतात. ते बहुतेकदा संप्रेरकांमुळे. कर्करोगाची गाठ मात्र सुरुवातीला सहसा दुखत नाही, म्हणून दिवाळी होऊ दे, मुलीचं लग्न उरकू दे, असं म्हणत मागे पडत जाते.

हाताने बघायचं तर पाळी संपल्यावर, स्तन मऊ असताना. पाळी थांबली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवावी. आधी आरशात: कुठे खळी पडलीय का, बोंड आत ओढलंय का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालीय का. मग आडवं पडून, एक हात डोक्याखाली घेऊन, दुसऱ्या हाताची मधली तीन बोटं सपाट फिरवायची. आधी हलकी, मग दाबून; काखेतसुद्धा. हमखास चूक म्हणजे चिमटीत धरून बघणं. तसं धरलं की कुणालाही गाठच लागते!

शांघायच्या कापडगिरण्यांतल्या २,६६,०६४ कामगार स्त्रियांपैकी निम्म्यांना ही पद्धत नीट शिकवली होती. २००२ साली निष्कर्ष आले: मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींचा तुकडा काढून तपासणं मात्र वाढलं. तेव्हापासून दरमहा तपासलंच पाहिजे, हा आग्रह जगभर सैल झाला. माझ्या मते तो सैल झाला हे बरंच झालं. एखादा महिना चुकला म्हणून अपराधी वाटायचं कारण नाही. पण आपलं अंग एरवी कसं लागतं हे ठाऊक नसेल, तर बदल कळणार कसा?

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वेगळी वाट धरली. प्रशिक्षित आरोग्यसेविका वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हाताने तपासत. दीड लाखांवर स्त्रिया या अभ्यासात होत्या, त्यातल्या निम्म्यांची तपासणी झाली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर दिसलं की तपासलेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यावर सापडत होता, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या स्त्रीची अशी तपासणी आहे, आशाताईंना विचारा. आणि गाठ लागलीच, तर पुढची पाळी होऊनही ती तशीच राहिली की, आणि पाळी थांबली असेल तर लगेच, डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि लागलीच तर सुईची तपासणी सांगते, शेजारीण नव्हे.