आर्गो : महासागराच्या पोटातून नोंदी आणणारे फ्लोट

आर्गो हा जगभरच्या महासागरांचे अखंड निरीक्षण करणारा आंतरराष्ट्रीय प्रकल्प आहे. सुमारे ३० देशांनी सोडलेली जवळपास ४,००० स्वयंचलित यंत्रे त्याच्यासाठी काम करतात. या यंत्रांना फ्लोट म्हणतात. एक फ्लोट म्हणजे वीस-पंचवीस किलो वजनाची धातूची नळकांडी. तिच्या डोक्यावर संवेदक आणि अँटेना असतात. फ्लोट एक किलोमीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहतो. दर १० दिवसांनी तो आणखी खाली, २,००० मीटरपर्यंत उतरतो आणि तिथून वर येताना पाण्याचे तापमान, क्षारता आणि दाब मोजतो. पृष्ठभागावर येऊन तो नोंदी उपग्रहाकडे पाठवतो आणि पुन्हा बुडी मारतो. बॅटरी साथ देईल तोवर, म्हणजे साधारण चार-पाच वर्षे, हा क्रम चालतो.

फ्लोटला पंखा नाही, सुकाणू नाही, जहाजाशी जोडणारा दोरही नाही. त्याची सगळी भिस्त एका छोट्या पंपावर असते. नळकांडीच्या आत तेलाची टाकी असते आणि बुडाशी, बाहेरच्या बाजूला, एक रबरी पिशवी. पंपाने आतले तेल पिशवीत ढकलले की फ्लोटचे वजन तेवढेच राहते, पण आकारमान वाढते. त्यामुळे घनता कमी होते आणि तो वर चढू लागतो. तेल परत आत घेतले की तो खाली जातो. पाव लिटरच्या आसपास तेलाची ही ये-जा दोन किलोमीटरच्या चढ-उताराला पुरते. मात्र २,००० मीटरवर पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट असतो आणि त्याच दाबाविरुद्ध पंपाला तेल बाहेर लोटावे लागते. बॅटरीतली बरीच ऊर्जा इथेच खर्च होते. वर यायला सुमारे सहा तास लागतात. एवढे काम हे यंत्र मानवी हात न लागता शे-दीडशे वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा करते. समुद्रशास्त्रातील सर्वांत सुंदर यंत्रांत त्याची गणना व्हायला हवी.

फ्लोटचे वजन काही ग्रॅमनेही चुकून चालत नाही. जास्त जड झाला तर तो वर येणार नाही, हलका राहिला तर खाली पोचणार नाही. यामागचे तत्त्व जॉन स्वॅलो या ब्रिटिश समुद्रशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये वापरात आणले. पाण्यापेक्षा कमी दबणारी नळी खाली जाताना अशा एका खोलीवर पोचते जिथे तिची आणि पाण्याची घनता सारखी होते, आणि ती तिथेच तरंगत राहते. स्वॅलो यांनी त्यासाठी परांचीला वापरतात तसल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या आणि कॉस्टिक सोड्याने त्यांची जाडी कमी केली. आत ध्वनी-संकेत देणारे उपकरण ठेवले आणि जहाजावरून त्याचा माग काढला. समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी अटलांटिकमधील गल्फ स्ट्रीम या प्रवाहाखाली उलट दिशेने वाहणारा खोल प्रवाह असावा असे भाकीत केले होते. त्याचा पुरावा १९५७ मध्ये याच नळ्यांनी मिळवून दिला.

जहाजाने माग काढण्याची गरज पुढे संपली. अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेचे रस डेव्हिस आणि फाल्मथ येथील यंत्रनिर्माते डग वेब यांनी स्वतःहून वर येणारा आणि उपग्रहाला आपली जागा कळवणारा फ्लोट घडवला. १९९०च्या दशकातील जागतिक महासागर अभिसरण प्रयोगात तो खोल प्रवाह मोजण्यासाठी वापरला गेला. त्यावर तापमान आणि क्षारतेचे संवेदक बसवताच आर्गोची कल्पना व्यवहार्य ठरली. १९९९-२००० च्या सुमारास प्रकल्पाला सुरुवात झाली, नोव्हेंबर २००७ मध्ये ३,००० फ्लोटचे पहिले उद्दिष्ट पूर्ण झाले आणि २०१२ मध्ये दहा लाखावी नोंदमालिका जमा झाली. त्याआधी खोल समुद्राची माहिती जहाजांच्या वाटांपुरती मर्यादित होती. दक्षिण महासागरात तर हिवाळ्यात क्वचितच कोणी जात असे. आज तिथूनही बाराही महिने नोंदी येतात.

नोंदी २४ तासांच्या आत फ्रान्समधील ब्रेस्ट आणि अमेरिकेतील माँटेरे येथील केंद्रांत पोचतात आणि कोणालाही विनामूल्य मिळतात. मालकीहक्काचा कोणताही अडसर न ठेवण्याचा निर्णय सुरुवातीलाच झाला. प्रकल्पाचे खरे यश यातच आहे, कारण ज्या देशांनी एकही फ्लोट सोडलेला नाही, त्यांचे शास्त्रज्ञही या नोंदींवर संशोधन करतात.

फ्लोट समुद्रात सोडण्याचे काम केवळ मोठी संशोधन-जहाजे करत नाहीत. न्यूझीलंडच्या काहारोआ या अवघ्या २८ मीटर लांबीच्या जहाजाने दोन हजारांहून अधिक फ्लोट सोडले आहेत. मालवाहू जहाजे, नौदले आणि शर्यतीतल्या शिडाच्या नौकाही हातभार लावतात. काही फ्लोट पुठ्ठ्याच्या खोक्यासकट पाण्यात सोडतात. खोक्याचे बंध पाण्यात विरघळणारे असतात. ते सुटले की खोके उघडते आणि फ्लोट मोकळा होतो. सोमाली चाच्यांमुळे पश्चिम हिंदी महासागरात जहाजे जाईनाशी झाली, तेव्हा ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या नौदलांनी तिथे फ्लोट सोडून दिले.

शाळांचा सहभाग हा या प्रकल्पाचा लोभस भाग आहे. दक्षिण महासागरातील कार्बनचा अभ्यास करणाऱ्या एका अमेरिकी प्रकल्पाने, तसेच फ्रान्समधील एका गटाने, मुलांना फ्लोट दत्तक घेण्याची सोय केली. वर्ग फ्लोटला नाव देतो, ते नाव समुद्रात सोडण्याआधी त्याच्या अंगावर लिहिले जाते आणि मग मुले त्याच्या नोंदी नकाशावर पाहत राहतात. आपण नाव दिलेले यंत्र अंटार्क्टिकाभोवती भटकते आहे, हे कळलेल्या मुलाला क्षारतेचा आलेख वाचायला वेगळे शिकवावे लागत नाही.

भारत २००२ पासून आर्गोत आहे. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था, म्हणजे इन्कॉइस, भारतीय फ्लोटच्या नोंदी तपासते आणि हिंदी महासागराचे विभागीय केंद्रही चालवते. उत्तर हिंदी महासागरात या नोंदींचे मोल फार आहे. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा आणि इरावदी यांचे गोडे पाणी वर पसरते. त्याखालच्या खाऱ्या पाण्याशी ते सहजी मिसळत नाही, म्हणून वरचा थर गरम राहतो आणि चक्रीवादळांना खाद्य मिळते. उपग्रहाला केवळ पृष्ठभाग दिसतो. उष्णता किती खोलवर साठली आहे, हे फ्लोटच सांगतो. २०२० मध्ये निसर्ग आणि २०२१ मध्ये तौक्ते या वादळांनी कोकण किनाऱ्याला जो तडाखा दिला, त्यानंतर अरबी समुद्राच्या उष्णतेचा प्रश्न महाराष्ट्राला परका राहिलेला नाही. मान्सूनच्या हंगामी अंदाजाचाही आर्गोशी संबंध आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या सहभागातून विकसित झालेल्या प्रारूपाला समुद्राची आरंभीची स्थिती पुरवावी लागते. इन्कॉइस ती तयार करते आणि त्यात आर्गोच्या नोंदी मिसळलेल्या असतात.

नोंद येणे आणि ती खरी असणे यांत मात्र अंतर आहे. फ्लोट सहसा परत मिळत नाही, त्यामुळे त्याचा संवेदक प्रयोगशाळेत आणून तपासता येत नाही. २००६ मध्ये जॉन लायमन, जॉश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन या शास्त्रज्ञांनी वरचा समुद्र २००३ नंतर थंड झाल्याचे दाखवणारा निबंध प्रसिद्ध केला. पण त्याच काळात उपग्रहांना समुद्राची पातळी वाढताना दिसत होती. थंड होणारे पाणी आकसते, म्हणून मेळ बसेना. शोध घेतल्यावर दिसले की एका जातीच्या काही फ्लोटमध्ये तापमानाची दाबाशी चुकीची सांगड पडत होती, आणि खोलवरचे थंड पाणी वरच्या खोलीच्या नावावर जात होते. जहाजांवरून टाकल्या जाणाऱ्या जुन्या उपकरणांत नेमकी उलटी, जास्त तापमान दाखवणारी चूक होती. २००७ मध्ये त्याच लेखकांनी दुरुस्ती प्रसिद्ध केली. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष असा मागे घेणे हे या विज्ञानाच्या प्रकृतीचे लक्षण आहे.

अडचणी तिथे संपल्या नाहीत. २००९ मध्ये दाबमापकात सूक्ष्म गळती सापडली आणि नवे फ्लोट सोडणे काही काळ थांबवावे लागले. पुढे २०१५ नंतर बनलेल्या क्षारता-संवेदकांच्या एका मोठ्या गटाने अपेक्षेपेक्षा खूप लवकर खोटी वाढ दाखवायला सुरुवात केली. जगातले बहुतेक सगळे फ्लोट एकाच कंपनीच्या संवेदकावर अवलंबून असल्याने हा दोष सर्वत्र पसरला. आता वेगळ्या पद्धतीने काम करणारा एक कॅनेडियन संवेदक वापरात येतो आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तोवर प्रत्येक मालिका शेजारच्या विश्वासार्ह नोंदींशी ताडून पाहणाऱ्या तज्ज्ञांचे किचकट काम चालू राहते. पक्की ठरलेली नोंद मिळायला साधारण वर्ष जाते.

कायद्याचाही प्रश्न आहे. फ्लोट देशांच्या सीमा ओळखत नाही, आणि किनारपट्टीच्या देशांचे विशेष आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैलांपर्यंत असते. म्हणून युनेस्कोच्या आंतरसरकारी समुद्रशास्त्र आयोगाने १९९९ मध्ये ठराव आणि २००८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे केली. फ्लोट आपल्या क्षेत्रात शिरू शकतो याची सूचना संबंधित देशाला मिळावी, अशी त्यांची दिशा आहे. मोकळ्या नोंदी आणि सामरिक सावधगिरी यांचा मेळ प्रत्येक ठिकाणी सहज बसत नाही.

सर्वांत मोठी चिंता पैशाची आहे. बॅटरी संपत राहतात, म्हणून ४,००० चा आकडा टिकवायलाच दरवर्षी आठशेच्या आसपास नवे फ्लोट लागतात. जवळपास अर्धा वाटा एकट्या अमेरिकेचा आहे आणि तिथला प्रत्येक अर्थसंकल्प सगळ्या जगाच्या नोंदींवर परिणाम करतो. दरम्यान प्रकल्पाचे उद्दिष्ट वाढले आहे. नव्या आराखड्यात एकूण ४,७०० फ्लोट आहेत : २,५०० नेहमीचे, १,२०० तळाजवळ, सहा किलोमीटरपर्यंत जाणारे आणि १,००० प्राणवायू, नायट्रेट, आम्लता, हरितद्रव्य अशा गोष्टी मोजणारे. अरबी समुद्रात सुमारे १५० ते १,००० मीटर दरम्यान प्राणवायू जवळजवळ नसतोच, त्यामुळे या शेवटच्या प्रकारची आपल्याकडे विशेष गरज आहे. पण तो नेहमीच्या फ्लोटपेक्षा कित्येक पट महाग आहे. निधी तेवढाच राहिला, तर असा प्रत्येक नवा फ्लोट घेताना नेहमीचे काही फ्लोट कमी करावे लागतात. मग वीस-पंचवीस वर्षांत विणलेल्या जाळ्याच्या फटी आधी दूरच्या समुद्रांत, जिथे जहाजे कमी जातात तिथे, रुंदावतात.